ओळखीचे भांडवल



नवा धंदा एकट्याच्या डोक्यातून उभा राहत नाही, हे आम्ही बँकेच्या काउंटरवरून पाहतो. टेंडर कुठे निघते, माल उधारीवर कोण देतो, हे व्यापाऱ्याच्या मुलाला जेवताना कळते. आपल्या मुलाला सांगणार कोण? ही उणीव ओळखून मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात 'डिक्की' हे दलित उद्योजकांचे चेंबर काढले. केंद्राच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांसाठी ४ टक्के वाटा २०१२ पासून आहे. ताडकळसमध्ये हे किती जणांना ठाऊक आहे? आम्हीही कित्येक अर्ज 'अपुरा' म्हणून परत केले, पुढचे सांगितले नाही. आता दर रविवारी सकाळी आम्ही विहारात बसणार आहोत. कागद घेऊन या. धंदा जमलेल्यांनीही यावे.