शेजारच्या कारागिराचे देणे



कोल्हापूरजवळच्या शिरोली व गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींत ओतकाम एका कारखान्यात, तर लेथवरचे काम शेजारच्या छोट्या वर्कशॉपमध्ये, अशी विभागणी रुळली आहे. त्यामुळे मोठ्याचे भांडवल यंत्रांत अडकत नाही. लहान कारागिराला एका कामात प्रावीण्य मिळते.

मात्र केवळ कमी दर पाहून काम दिले आणि बिल रखडवले, तर लहान उद्योजक कर्ज काढून मजुरी भागवतो. हत्यारे बदलणे, मापयंत्रे तपासून घेणे लांबणीवर पडते. अखेर सदोष मालाचा ढीग मोठ्याच्याच दारी येतो.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे कमाल ४५ दिवसांत देणे बंधनकारक केले. विलंबास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज ठेवले. तरीही काम हातचे जाईल, या भयाने अनेक जण तक्रार करीत नाहीत. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातील वजावटही वेळेवर पैसे देण्याशी जोडली.

परंतु कायदा हा अखेरचा उपाय होय. विदेशी माल नाकारणारा उद्योजक शेजारच्या कारागिराचे पैसे अडवून ठेवतो, तेव्हा त्याचे स्वदेशीचे व्रत अपुरेच राहते.