परवाना येईपर्यंतचे श्रम

(अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वकिलांच्या कचेरीतला आहे, त्याची चर्चा कामगारांच्या अभ्यासवर्गात कशाला, असे काहींना वाटेल. परंतु अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी अर्ज करून कामाच्या परवान्याची वाट पाहणाऱ्या लोकांत आपल्या देशातील माणसे लाखांनी आहेत. पुणे, नागपूर, हैदराबाद, बंगलोर येथील कितीतरी घरांतून कोणी ना कोणी त्या रांगेत उभे आहे. वाट पाहण्याच्या या काळात कोणते काम 'अनधिकृत' ठरते हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज उभा असतो, आणि त्याच्या उत्तरावर मालक आणि मजूर यांच्यातील बळाचा तोल अवलंबून असतो.

मी अनुवादाचे काम करते, त्यामुळे शब्दांपासून सुरुवात करते. आपली वृत्तपत्रे सरसकट 'बेकायदा कामगार' असे छापतात. कायद्यात जे विशेषण कामाला लावलेले आहे ते मराठीत येता येता माणसाला चिकटते. काम विनापरवाना असू शकते, माणूस बेकायदा कसा असेल? दुसरी गोष्ट, अमेरिकन नियमावलीतील व्याख्या आपल्या 'नोकरी' या शब्दात मावत नाही. मालकासाठी त्या देशाच्या भूमीवर दिलेली कोणतीही सेवा वा केलेले कोणतेही श्रम, असा तिचा आशय आहे, आणि मोबदल्यात मजुरीबरोबर अन्य स्वरूपाचा मोबदलाही धरला जातो. म्हणून 'मी पगार घेतला नाही, फक्त जेवण आणि राहायची खोली घेतली' हा बचाव टिकत नाही. खाजगी घरातील अधूनमधून केलेले किरकोळ घरकाम तेवढे व्याख्येबाहेर ठेवलेले आहे. तेही नियमित झाले की सवलत संपली.

आता वाट पाहण्याचा काळ. कायम वास्तव्याचा अर्ज दाखल झाला, त्याची पोचपावती हाती आली, म्हणजे काम करता येते असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. पोचपावतीने काम करण्याचा हक्क मिळत नाही. परवान्याचा अर्ज वेगळा, आणि तो मंजूर होईपर्यंत थांबावे लागते. ज्याच्याजवळ एच-१बी सारखा व्हिसा अजून चालू आहे तो आपल्या मालकाकडे काम करीत राहू शकतो, परंतु केवळ त्याच मालकाकडे. दिवसा संगणकाच्या कंपनीत आणि संध्याकाळी मित्राच्या हॉटेलच्या गल्ल्यावर, असे केले तर संध्याकाळचे काम अनधिकृत. धर्मादाय संस्थेत, जेथे त्या कामाला एरवीही कोणी पगार घेत नाही, तेथे स्वेच्छेने राबता येते. नफ्यासाठी चालणाऱ्या दुकानात 'शिकाऊ' म्हणून फुकट बसणे मात्र स्वेच्छासेवा होत नाही. नोकरी शोधणे, मुलाखत देणे, भारतातील घराचे भाडे वा समभागांवरील लाभांश घेणे, यांत श्रम नसल्याने ते काम ठरत नाही. आणि स्वतःच्या घरातील चूल, मुले, म्हातारी माणसे? ते तर हा कायदा काम म्हणून मोजतच नाही!

येथे एच-४ व्हिसावर गेलेल्या स्त्रियांची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. नवरा एच-१बी वर, आणि बायको पदवीधर, पुष्कळदा स्वतः इंजिनियर, परंतु तिला कामाची मनाई. मे २०१५ पासून काहींना परवाना मिळू लागला, तोही नवऱ्याच्या मालकाने दाखल केलेला कायम वास्तव्याचा अर्ज एका ठराविक टप्प्यापुढे गेला असेल तरच. त्यापुढची रांग इतकी लांब का? कारण नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० कायम वास्तव्याचे परवाने दिले जातात, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सामान्यतः ७ टक्क्यांहून अधिक येऊ नयेत असा दंडक आहे. भारतासारख्या देशाला आणि एखाद्या चिमुकल्या बेटाला एकच माप.

या सर्व नियमांचा इतिहास मालकवर्गाच्या सोयीचा आहे. १९५२ च्या कायद्याने परकीयांना आश्रय देणे गुन्हा ठरविले, परंतु नोकरीवर ठेवणे म्हणजे आश्रय देणे नव्हे, असे एक कलम त्यातच घालून दिले. ते टेक्सासमधील जमीनदारांच्या आग्रहाने आले म्हणून आजही टेक्सासच्या नावानेच ओळखले जाते. मजुराला हाकलावे, मालकाला हात लावू नये, अशी ही व्यवस्था १९८६ पर्यंत चालली. त्या वर्षीच्या कायद्याने मालकालाही दंड लागू केला, परंतु तो 'जाणूनबुजून' ठेवल्यासच. कागद वरकरणी खरे दिसले की मालक सुटला, आणि खोट्या कागदांची जबाबदारी मजुराच्या डोक्यावर. नोकरीवर रुजू होताना भरावयाच्या त्या फॉर्मवर 'मी नागरिक आहे' अशी खोटी खूण केली, तर १९९६ च्या कायद्यान्वये कायम वास्तव्याचे दार बहुधा जन्मभर बंद होते. आपल्या माणसांना हे निक्षून सांगितले पाहिजे. ठेकेदार 'सगळेच करतात' म्हणून ती खूण करवितात.

कायद्याचे काम काय, हे न्यायालयांच्या दोन निकालांत स्पष्ट दिसते. शिकागोच्या एका चामड्याच्या कारखान्यात कामगारांनी युनियन निवडून आणली, आणि मालकाने इमिग्रेशन खात्याला पत्र पाठवून त्यांना देशाबाहेर काढविले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की परवाना नसला तरी ते कामगारच आहेत आणि त्यांना संघटनेच्या कायद्याचे संरक्षण आहे. परंतु २००२ साली हॉफमन प्लास्टिकच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरविले की युनियनच्या कामासाठी काढून टाकलेल्या विनापरवाना कामगाराला मधल्या काळाचे बुडालेले वेतन देता येणार नाही. हक्क आहे, भरपाई नाही! प्रत्यक्ष केलेल्या कामाची मजुरी मात्र मालकाला बुडविता येत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुष्कळांना तो माहीत नसतो.

परवाना एकाच मालकाशी बांधलेला असला की काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशातील कामगारांचे आहे. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने मिसिसिपी व टेक्सासमधील गोद्यांसाठी सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर नेले. कायम वास्तव्याचे आमिष दाखवून दलालांनी त्यांच्याकडून हजारो डॉलर उकळले होते. व्हिसा होता तात्पुरता. एका खोलीत २४ जण कोंबून त्याबद्दल महिन्याला १,०५० डॉलर कापले जात. सोडून जावे तर दुसरीकडचे काम अनधिकृत, आणि गावी कर्ज. तरीही २००८ च्या मार्चमध्ये ते बाहेर पडले, वॉशिंग्टनपर्यंत गेले, उपोषणाला बसले. २०१५ साली न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पाच कामगारांना सुमारे १ कोटी ४१ लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. त्यांनी काम बंद केले तेव्हा कोणताही परवाना त्यांच्या बाजूने नव्हता.

एक भाग राहिला. अनधिकृत काम झालेच असेल तर? अमेरिकन नागरिकाची पत्नी, पती, आईबाप वा अविवाहित अल्पवयीन मुले यांच्या अर्जाला त्याची आडकाठी होत नाही. नोकरीच्या आधारे अर्ज करणाऱ्याला, त्याच्या शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतरचे असे काम एकंदर १८० दिवसांपेक्षा अधिक नसेल, तर सूट मिळू शकते. इतरांसाठी वाट बहुतेक अडलेलीच. अर्जात हा प्रश्न सरळ विचारलेला असतो, आणि लपविणे हे केलेल्या कामापेक्षा महाग पडते.

नूतनीकरणाची वाट पाहणाऱ्यांना जुन्या परवान्याची मुदत आपोआप वाढवून मिळत असे, जास्तीत जास्त ५४० दिवस. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या बहुतेक अर्जांना ती सोय काढून घेण्यात आली. कचेरीतल्या कारकुनाने विलंब लावला आणि कार्डावरची तारीख उलटली, की काल अधिकृत असलेले तेच काम, त्याच यंत्रावर, आज अनधिकृत. मुदतीपूर्वी १८० दिवस अर्ज करता येतो. ज्यांची माणसे तिकडे आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर कार्डावरची तारीख विचारून घ्यावी.