परसातली शेड आणि विजेची तार
(बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



परसात पत्र्याची शेड टाकून शिलाईचं किंवा पापडाचं काम करणाऱ्या गटांशी माझा नेहमी संबंध येतो. मशीन कोणतं घ्यायचं यावर आपण महिनाभर चर्चा करतो. विजेचा विषय निघाला की मात्र "ते घरातले पुरुष बघतील" म्हणून मोकळ्या होतो.

एका गटात ते कसं बघितलं गेलं, सांगते. स्वयंपाकघराच्या बोर्डातून वायर ओढून पत्र्याखालून शेडमध्ये नेली. पत्र्याच्या धारेनं ती सोलली. पहिल्याच पावसात पत्र्यात करंट उतरला. कपडे वाळत घालायची तार त्याच पत्र्याला बांधलेली होती. एका ताईला झटका बसला. ती वाचली, पण "ओला हात लावला असशील" म्हणून दोषही तिलाच मिळाला!

दोष वायरिंगचा होता. ते तपासायला पदवी लागत नाही. शेडसाठी घरच्या मेन बोर्डातून वेगळी लाईन घ्या, तिला स्वतंत्र एमसीबी हवा. जादा भार आला किंवा शॉर्ट झालं की तो वीज तोडतो. पण माणसाला झटका बसतो तेव्हा तो बहुधा पडत नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. वीज गेली पाहिजे.

वायर आयएसआय मार्कची, तांब्याची घ्या. दिव्या-पंख्याला १.५ चौरस मिलिमीटर, इस्त्रीच्या पॉइंटला किमान २.५. ती पाइपातूनच न्या. हिरवी वायर अर्थिंगची. ती प्रत्येक सॉकेटपर्यंत पोचली पाहिजे. शेडचा लोखंडी सांगाडाही अर्थिंगला जोडून घ्या. बाहेरच्या भिंतीवर पावसात टिकणारं, झाकणाचंच सॉकेट लावा. आणि कपड्यांची तार पत्र्याला किंवा विजेच्या खांबाला कधीही बांधू नका. नायलॉनची दोरी वापरा.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंग तपासल्याचं त्याच्याकडून लिहून घ्या, मगच शेवटचे पैसे द्या. "बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?" असं तो म्हणेल. त्याला म्हणावं, दिवसभर या शेडमध्ये आम्ही बसतो, म्हणून विचारतो.

खर्च वाढतो, हे खरं. पण गटाच्या कर्जाच्या अर्जात मशीनसोबत वायरिंगचाही खर्च लिहा. आपली शेड ही कामाची जागा आहे. तिथे सुरक्षित वीज असणं हा आपला हक्क आहे.

पुढच्या बैठकीला येण्यापूर्वी प्रत्येक गटानं आपली शेड तपासावी आणि काय आढळलं ते इथे सांगावं.