माणसाची लाज राखून खरं बोला
(जिल्हा कार्यकर्ता बैठकीतील भाषणाचा गोषवारा)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं, कर्जावर झालं. मला मिळालेली वीस मिनिटं मी कसं बोलावं यावर घालवणार आहे. हसू नका. कार्यकर्ता हिशेबात कच्चा असला तर शेजारचा त्याला दुरुस्त करतो. पण त्याला पाचपोच नसेल तर गावातलं एकेक दार त्याला बंद होत जातं, आणि का बंद झालं ते कुणी सांगत नाही.

दुसऱ्याची उदाहरणं देत नाही. माझीच चूक सांगतो.

पारावरची यादी

२००८ साली केंद्राची कर्जमाफी आली. दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल त्याचं थकलेलं पीककर्ज पूर्ण माफ. त्याहून जास्त असेल त्याला पाऊण हिस्सा भरल्यावर उरलेल्यात सूट. कोरडवाहूत सात-आठ एकरवाला काही बागाईतदार नसतो, पण तो दुसऱ्या यादीत गेला. याद्या बँकेच्या, सोसायटीच्या भिंतीवर लागल्या. मी उत्साही माणूस. यादी उतरवून आणली आणि मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचली. नाव, रक्कम. नाव, रक्कम. वरून भाषणही ठोकलं: बघा, अख्खं गाव थकबाकीदार आहे, मग दोष माणसाचा कसा?

मुद्दा बरोबर होता. पण त्याच दिवशी एका घरी मुलगी पाहायला पाहुणे आले होते. त्यातले दोघं तंबाखू मळत पाराशीच बसले होते. मुलीच्या बापाचा आकडा त्यांनी माझ्या तोंडून ऐकला. सोयरीक मोडली.

आठ दिवसांनी मी त्या घरी गेलो. म्हटलं, दादा, यादी तर भिंतीवर होतीच. ते म्हणाले, "भाऊ, तू खोटं नाही बोलला. पण मोठ्यानं बोलला." पाणी दिलं, चहा दिला. बैठकीला मात्र ते पुन्हा कधी आले नाहीत.

मी इतकंच शिकलो. भिंतीवरची यादी ज्याला वाचायची तो वाचतो. मी ती चारचौघांच्या कानात ओतली. कर्ज हे शेतकऱ्याचं पाप नव्हे, असं आपण सभेत सांगतो. आणि त्याच शेतकऱ्याला पारावर मान खाली घालायला लावतो. मग आपल्या सांगण्याला अर्थ काय राहिला?

दुःखाच्या घरी

ज्या घरातल्या कर्त्या माणसानं जीव दिला, त्या घरी आपल्याला जावं लागतं. आपल्या जिल्ह्यांत ते पुष्कळदा जावं लागलं आहे. तिथं गेल्यावर "एवढ्याशा कर्जापायी?" हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. "लेकरांचा तरी विचार करायचा" हेही नको. त्या बाईनं ते वाक्य रात्रभर स्वतःलाच ऐकवलेलं असतं.

सरकारी १ लाखाच्या मदतीसाठी तीन गोष्टी पाहतात: नापिकी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, आणि वसुलीचा तगादा. हे सगळं विचारावंच लागतं, त्यात ढिलाई केली तर घराचंच नुकसान होतं. पण सगळ्या भावकीसमोर, लेकरांदेखत विचारू नका. तिच्या भावाला बाजूला घेऊन कागद कोणते ते सांगा. आपली एखादी बहीण तिच्याजवळ बसू द्या. तिनं आधी विचारावं: घरात ज्वारी आहे का? पऱ्हाटी वेचायची राहिली आहे का? बैलांना चारा कोण टाकतो? शेवटी कागदावर "अपात्र" असा शेरा आला, तर तो तिला तहसीलच्या चिठ्ठीतून कळू देऊ नका. आपण स्वतः जाऊन सांगा. अपात्र अर्ज ठरला, माणूस नव्हे, हेही सांगा.

गप्प राहणं म्हणजे पाचपोच नव्हे

आता उलटी बाजू. काही जण म्हणतात, कशाला कुणाच्या घरात डोकवायचं? भावांनो, हीही चूकच. रोज हॉटेलात चहाला येणारा माणूस येईनासा झाला, फवारणीच्या दिवसांतही शेतात जाईनासा झाला, तर त्याला गाठा. एकटा गाठा. बांधावर बसा. "लय त्रास होतो का? जीव नकोसा झाला का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट बोलून माणूस हलका होतो. मध्येच तोडू नका, उपदेश करू नका. घरच्यांपैकी त्याचा ज्याच्यावर भरवसा आहे त्याला सोबत घ्या आणि त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. तो लावून द्या. दुसऱ्या दिवशी बँकेत जायचं असेल तर सोबत जा, पण साहेबाशी त्याला स्वतःला बोलू द्या.

मीटरजवळ

शेवटचं थोडक्यात. पाचपोच म्हणजे लाचारी नव्हे. सरकारी खरेदीत कापसात बारा टक्क्यांवर ओलावा निघाला तर कापूस परत. ग्रेडरनं आकडा चढवला असं वाटलं तर त्याची आई-बहीण काढू नका. "साहेब, गाडीच्या मधला कापूस काढून पुन्हा मीटर लावा, आकडा लिहून द्या," एवढं म्हणा आणि गाडी हलवू नका. शिवी दिली की त्याला भांडण दाखवता येतं, आकडा दाखवावा लागत नाही.

तेव्हा गावी गेल्यावर एक काम करा. आपल्या बोलण्यानं तुटलेलं एक तरी घर प्रत्येकाच्या गावात असेल. त्या घरी जा. सभा घेऊ नका, पत्रक देऊ नका. ओट्यावर बसा, आणि या खेपेला त्यांना बोलू द्या.