अकरावीचा अर्ज आणि मुलीचं गणित

दहावीचा निकाल लागला की पुष्कळ घरांत एक निर्णय फार घाईने होतो. मुलगी विज्ञान शाखेला जाते, डॉक्टर व्हायचं म्हणून जीवशास्त्र घेते आणि ‘उगाच ओझं नको’ म्हणून गणित सोडते. पुढे नीटमध्ये थोडक्यात हुकलं, की भौतिकशास्त्राकडे वळणं अवघड होऊन बसतं, कारण त्याचा पायाच गणिताचा. मुलींना विज्ञानाची आवड नसते, असं कुणी म्हणेल. आकडे तसं सांगत नाहीत. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशभरात विज्ञान शाखेत २९.५ लाख मुली होत्या आणि मुलगे २७.७ लाख. बुद्धीचा मुद्दाही टिकत नाही. आयआयटींमध्ये एके काळी दहांत जेमतेम एक मुलगी असे; २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा दिल्या, तेव्हा प्रवेश परीक्षा तीच राहूनही काही वर्षांत हे प्रमाण पाचांत एकीच्या आसपास गेलं. पात्र मुली आधीपासून होत्याच.

‘शिकून करणार काय?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. अॅना मणी या भौतिकशास्त्रज्ञांचं काम पाहा. सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर संशोधन करूनही, एम.एस्सी. नाही म्हणून त्यांना पीएच.डी. मिळाली नाही. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. जवळपास शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले, ती देशातच बनू लागली. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. पावसाचा अंदाज शेतकऱ्यापर्यंत पोचतो, त्यामागे असं भौतिकशास्त्र असतं. अशा कामाला आजही वाव आहे: नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे आणि हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे.

शिक्षण लांबतं, लग्न लांबतं, ही आईवडिलांची काळजी खोटी नाही. पण नेट परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळवणाऱ्या विद्यार्थिनीला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात; ती घरावर भार राहत नाही. संसार आणि संशोधन दोन्ही पेलण्यासाठी पाळणाघर, वसतिगृह हवं, आणि ते पुरवणं संस्थांचं काम आहे. त्यांच्या उणिवेपायी मुलीने विषय का सोडावा? म्हणून पालकहो, अकरावीचा अर्ज भरण्याआधी कनिष्ठ महाविद्यालयात एवढं विचारा: जीवशास्त्राबरोबर गणितही घेता येईल का? पुष्कळ ठिकाणी येतं.