मुहूर्त थांबत नाही, म्हणून जोड हवी
(विंझर येथील छायाचित्रकार संमेलनातील स्वागताध्यक्षीय भाषण)



गुंजण मावळातल्या विंझर गावात मी स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो. चेलाडी फाट्याला महामार्ग सोडून, नसरापूर आणि मार्गासनी मागे टाकून आपण इथवर आलात.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत आपला राजगड आहे. त्याच्या संजीवनी माचीवर आपण अनेकांनी फोटो काढले असतील. तिथली तटबंदी दुहेरी आहे आणि बुरुजांना बाहेरून चिलखत घातले आहे. बाहेरची भिंत पडली तरी आतली लढती राहावी, हा विचार माची बांधतानाच झालेला होता. आज आपण पर्यायी साहित्याबद्दल, म्हणजे आपल्या धंद्याच्या भाषेत बॅकअपबद्दल बोलणार आहोत. राजगडाच्या पायथ्याशी या विषयाला योग्य जागा मिळाली आहे, असे मला वाटते.

प्रसंगाचे चित्रण करण्याची महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मूळचे छायाचित्रकार. त्यांनी 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चलतचित्रात टिपली आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली. पुढे 1901 च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजचा मान मिळवून मुंबईत परतले, तेव्हाही सावेदादा कॅमेरा घेऊन हजर होते. परांजप्यांचे ते आगमन एकदाच घडणार होते. त्या क्षणी यंत्र अडले असते, तर पुन्हा बोटीतून उतरा असे कुणी सांगू शकले नसते. सव्वाशे वर्षांत कॅमेरे कितीतरी बदलले, पण ही अट तशीच राहिली आहे. गुरुजींनी ‘सावधान’ म्हटले आणि अंतरपाट बाजूला झाला, की तो क्षण संपतो. बैलगाडा घाटात सुटतो आणि काही सेकंदांत निशाण पडते.

आपण टिपतो त्याची किंमत केवळ ऑर्डरच्या पैशांत मोजता येत नाही. आपल्या गावांतल्या भिंतींवर हार घातलेले जे फोटो दिसतात, ते कुठून आले याची चौकशी करून पाहा. त्यांतले कितीतरी कुणाच्या ना कुणाच्या लग्नात काढलेले असतात. आजी कधी स्टुडिओत गेलेली नसते. नातीच्या हळदीला नवी साडी नेसून मांडवात बसलेली असताना आपल्यापैकी कुणीतरी तिचा फोटो काढलेला असतो. पुढे घरच्यांजवळ तिची तेवढीच आठवण राहते. कार्ड खराब झाले तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली भरपाई मागता येईल, मिळेलही. पण आजीचा चेहरा भरपाईत मिळत नाही. म्हणून जोडीचे साहित्य बाळगणे हे आपले कर्तव्य आहे, असे मी मानतो.

एकच प्रत एकाच जागी ठेवली तर काय होते, हे आपल्या तालुक्याला वेगळे सांगायला नको. 12 जुलै 1961 रोजी आपल्याच तालुक्यातले पानशेत धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. घरांबरोबर कागदपत्रे गेली, अल्बम गेले. पुण्यातच जानेवारी 2003 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची जुनी नायट्रेट रिळे जळाली. ज्या चित्रपटांची दुसरी प्रत आधीच निघालेली होती, तेवढेच या आगीतून वाचले. पाणी असो वा आग, दोन्हींना उत्तर एकच आहे: दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी.

आता कामाचे बोलू. सुरुवात कमी खर्चाच्या गोष्टींपासून करावी. जादा बॅटऱ्या, जादा कार्डे, दुसरा चार्जर आणि फ्लॅशचा दुसरा ट्रिगर. मे महिन्यात वळीव आला की आपल्याकडे वीज जाते, तेव्हा मांडवातल्या प्लगवर भरवसा ठेवता येत नाही. बॅटऱ्या घरूनच भरून आणाव्यात. ज्यांच्या कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय आहे, त्यांनी दोन्हींवर एकाच वेळी फोटो उतरतील अशी सेटिंग करावी. अनेक जण पहिले भरले की दुसरे सुरू होईल अशी ठेवतात. त्याने जागा वाढते, सुरक्षितता वाढत नाही. 2018 मध्ये निकॉनचे झेड 6, झेड 7 आणि कॅननचा ईओएस आर एकाच कार्डाच्या खाचेसह आले, तेव्हा जगभरच्या लग्न-छायाचित्रकारांनी नाराजी व्यक्त केली. 2020 मध्ये निकॉनने झेड 6 टू आणि कॅननने आर 5, आर 6 दोन खाचांसह आणले.

त्यानंतर दुसरी बॉडी. ती जुनी असली तरी चालेल, पण तिला आपल्याच लेन्स आणि बॅटऱ्या बसल्या पाहिजेत. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे ऑर्डरच्या सकाळी जुळवावीत, नाहीतर निवड करताना सप्तपदी आधी आणि हळद नंतर लागते. जोडीचे साहित्य वेगळ्या पिशवीत ठेवावे, म्हणजे एक पिशवी गेली तरी काम चालू राहील. आणि ते प्रत्येक ऑर्डरला थोडे तरी वापरावे. आपल्या भागातल्या पावसाळी दमटपणात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते आणि गरज पडते तेव्हाच ती निकामी निघते. घरी परतल्यावर झोपण्याआधी कार्ड उतरवून घ्यावे. पीटर क्रॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. अल्बम घरपोच होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नये.

हे सगळे ऐकून नवे मुलगे-मुली मनात म्हणतील, हप्त्यावर एक कॅमेरा घेतला, दुसरा कुठून आणायचा? हा प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या छायाचित्रकाराला तासाभरात भाड्याचा कॅमेरा मिळतो. आपण मुहूर्ताला अर्धा तास उरलेला असताना शहर गाठू शकत नाही. शेजारच्या स्टुडिओकडे मागावे, तर मोठ्या तिथीला त्याचेही सगळे साहित्य मांडवात गुंतलेले असते.

यावर उपाय आपल्या मावळानेच शिकवला आहे. ज्याच्याकडे बैल अपुरे, त्याचे शेत गाव इर्जिक करून नांगरून देत असे. त्याच रीतीने आपण सामाईक संच उभा करू. ऑर्डरमागे थोडी वर्गणी काढू. नसरापूर, विंझर आणि भोर अशा तीन ठिकाणी कॅनन, निकॉन आणि सोनीची एकेक बॉडी, एकेक लेन्स, दोन फ्लॅश, कार्डे आणि भरलेल्या बॅटऱ्या ठेवू. तो संच कुणाच्याही रोजच्या कामाला द्यायचा नाही, केवळ अडलेल्याला द्यायचा. वहीत नोंद करायची, दुसऱ्या दिवशी पुसून, तपासून परत ठेवायचा. आपल्या भागातला एकही छायाचित्रकार मुहूर्ताच्या वेळी एकटा पडणार नाही, ही हमी आपण एकमेकांना देऊ.

संमेलनाच्या शेवटच्या सत्रात या संचाचा ठराव मांडला जाईल. त्यावर मोकळेपणाने बोला, उणिवा दाखवा, पण आज निर्णय करूनच उठा. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि त्याआधी तिन्ही ठिकाणचे संच तयार झाले पाहिजेत. विंझरच्या संचासाठी जागा आणि कुलूपबंद कपाट देण्याची जबाबदारी स्वागत समिती आजच स्वीकारत आहे.