खालच्या माणसाचा शब्द

आम्ही दोघं नवरा-बायको, मूळचे सिंधुदुर्गातले, आता इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हनमध्ये राहतो. आमचा धंदा 'ट्री सर्जन'चा. हे नाव सांगितलं की गावाकडून पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे झाडांना सलाईन लावता?" नाही हो. आम्ही दोरानं झाडावर चढतो, नको त्या फांद्या काढतो, धोक्याचं झाड तुकड्या-तुकड्यानं खाली आणतो. आणि पुष्कळदा मालकाला सांगतो की झाड चांगलं आहे, राहू द्या. या सल्ल्याचे मात्र कोणी पैसे देत नाही.

आपल्याकडचा पाडेली माडावर चढताना बघितला असेल. त्याला शिकवायला कोणी मास्तर नसतो. इथे मात्र प्रत्येक पायरीची वेगळी परीक्षा. जमिनीवर यांत्रिक करवत चालवायची एक, दोरावर चढण्याची आणि वर अडकलेल्याला उतरवण्याची दुसरी, दोरावर लटकून करवत चालवायची तिसरी. वजनाची पिशवी बांधलेली बारीक दोरी गोफणीसारखी फेकून उंच फांदीवरून काढायची, तिच्यामागून जाड दोर ओढायचा, मग चढायचं. वर करवत चालवताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा, कारण करवत एका दोराला लागली तर दुसरा तरी उरावा. १९९८ च्या कायद्याप्रमाणे चढण्याचा सगळा सरंजाम दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावा लागतो. आमच्या विजारीसुद्धा खास असतात. त्यांच्या अस्तरात लांब धाग्यांचे थर असतात. करवतीनं कापड फाडलं की ते धागे साखळीत गुंततात आणि ती जागच्या जागी अडते. त्या धुताना फार जपावं लागतं, तेवढं काम मात्र नवऱ्यानं स्वतःकडे घेतलंय.

आमच्यातला एक वर असतो, एक खाली. वर नवरा, खाली बायको. लोकांना वाटतं, खालच्या माणसाचं काम फांद्या ओढायचं, भुसा करणाऱ्या यंत्रात घालायचं आणि चहा आणायचं. ओढणं आहेच, आणि संध्याकाळी खांदे सांगतात किती ओढलं ते. पण खरं काम नजरेचं. वर चढलेल्याला समोरच्या दोन हातांपुरतं दिसतं. अख्खं झाड दिसतं खालच्याला. फांदी कुठं झुलेल, दोर कुठं घासतोय, रस्त्यानं कुत्रं घेऊन कोण येतंय, सगळं तिनं बघायचं. वरून हाक येते, 'स्टँड क्लिअर'. खालून 'ऑल क्लिअर' आल्याशिवाय करवत फांदीला लागत नाही. इशारे इंग्रजीतच, कारण मदतीला आलेल्या पोरालाही ते कळायला हवेत. मराठी घरी भांडायला.

आणि वर काही झालं तर चढायचं तिनंच. पट्ट्यात बेशुद्ध लटकलेल्या माणसाच्या जिवाला थोड्या वेळातच धोका होतो, अग्निशमन दलाची वाट बघत बसता येत नाही. म्हणून बायकोनंही चढण्याची आणि उतरवण्याची परीक्षा दिली. सरावात नवऱ्यानं अंग सैल सोडून लटकायचं आणि तिनं चढून त्याला आपल्या पट्ट्याला जोडून सावकाश खाली आणायचं. सरावात तो हसतो, त्यामुळे आणखी जड होतो.

कापायचं कुठं, हे शिकण्यात आमचं आयुष्य गेलं तरी चालेल, इतकं ते नाजूक आहे. ॲलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं हजारो झाडं करवतीनं उभी चिरून आत बघितलं. त्याला दिसलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवून तो भाग झाकून टाकतं. फांदी खोडाला मिळते तिथं फुगीर कडं दिसतं, ते या कामाचं ठिकाण. कडं कापून खोडाशी सपाट केलंत तर झाडाचा बंदोबस्तच गेला. हातभर खुंट ठेवलात तर तो कुजत आत शिरतो. कड्याच्या जरा बाहेर कापायचं, बस्स.

पावसाळ्याआधी तुमच्याकडे फांद्या तोडायचं काम निघतं, तेव्हा एवढं करा. जड फांदी एका घावात तोडू देऊ नका, ती मोडताना खोडाची साल सोलत खाली नेते. खोडापासून हातभर लांब आधी खालून थोडा काप घ्यायचा, मग त्याच्या जरा पुढे वरून कापून फांदी पाडायची, आणि राहिलेला खुंट शेवटी कड्यापाशी काढायचा. जखमेवर डांबर, ऑइलपेंट फासू नका, त्यानं कूज थांबत नाही. आंबा-डाळिंबाच्या बागेत बोर्डो पेस्ट लावतात ते बुरशीसाठी, त्यात कृषी विभागाचं ऐका. आणि शहरात राहत असाल तर १९७५ च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे सोसायटीच्या सभेत सांगायला विसरू नका. इथेही तसंच आहे. संरक्षित झाडाला नगरपालिकेच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, जुन्या जपलेल्या वस्तीत झाडावर काम करायचं तर सहा आठवडे आधी कळवावं लागतं. ढोलीत वटवाघळं निघाली तर सगळं काम थांबतं, आणि ते आम्हाला पटतं.

पण गेली काही वर्षं आमचं निम्मं काम एकाच झाडाचं आहे. त्याचं नाव ॲश. आपल्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्याला बाभूळ, तसं इथे ॲश. लवचिक, धक्का सोसणारं लाकूड. डेव्हनच्या शेतांच्या मातीच्या बांधांवर, अरुंद रस्त्यांच्या दोन्ही कडांना ही झाडं उभी आहेत. पूर्व आशियातली एक बुरशी युरोपात शिरली आणि २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये सापडली. गळलेल्या पानांच्या देठांवर ती उन्हाळ्यात उगवते, वाऱ्यावर पसरते. पानं काळी पडतात, शेंडा विरळ होतो, फांदीच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराचा डाग पडतो. दहातली आठ झाडं जातील असा अंदाज आहे. रोगानं हेच लवचिक लाकूड ठिसूळ होतं. झाड पाडताना मधे थोडं लाकूड मुद्दाम राखतात, ते बिजागरीसारखं वळतं आणि झाड हव्या त्या बाजूला जातं. रोगट ॲशची बिजागरी वळत नाही, मोडते. आणि ज्या फांदीवर दोर टाकून चढायचं, तीच कधी सुटेल त्याचा भरवसा नाही.

म्हणून आमच्या घरात एक नियम आहे. खालच्या माणसानं 'नको' म्हटलं की चढायचं नाही. कारण विचारायचं असेल तर घरी गेल्यावर.

जानेवारीत एका शेतकऱ्यानं बोलावलं. शाळेची बस जाते त्या रस्त्यावर मोठा ॲश, निम्म्याहून जास्त शेंडा गेलेला. नवऱ्यानं पट्टा चढवला होता. हिवाळ्यात कामं कमी, हप्ते तेवढेच. बायकोनं बुंध्यावर सगळीकडून लाकडी हातोडी वाजवून बघितली. एका बाजूला घुमल्यासारखा पोकळ आवाज आला, आणि मुळाशी आळंबी होती. ती म्हणाली, नको. नवऱ्यानं पट्टा सोडला, गाडीत जाऊन बसला. त्याला राग आला होता, हे सांगायला हरकत नाही, तो शेजारीच बसलाय.

शेतकरी म्हणाला, दुसरा एक जण चढायला तयार आहे, पैसेही कमी घेतो. आम्ही त्याला सांगितलं, आम्हाला काम देऊ नका, पण त्यालाही वर चढवू नका. कोळ्यासारखे पाय पसरून उभं राहणारं पाळण्याचं यंत्र आणा, झाडाला अंग न लावता पाळण्यातून कापता येईल. झाड रस्त्यावर पडलं तर जबाबदारी तुमच्यावर येते, हेही बोललो. तो कुरकुरला, दोन दिवसांनी फोन केला. ओल्या शेतात पत्रे अंथरून यंत्र आत नेलं, रस्ता एक दिवस बंद ठेवायची परवानगी काढली. भाडं गेल्यावर आमच्या हातात फारसं उरलं नाही. वरच्या फांद्या करवत लागताच काडकन तुटत होत्या. तिसरी तुटली तेव्हा नवऱ्यानं पाळण्यातून खाली बघितलं. बोलला काही नाही.

त्याच बांधावर पन्नास पावलांवर दुसरा ॲश आहे. शेतकरी म्हणाला, यंत्र आलंच आहे, तोही काढून टाका. त्याच्या फांद्यांवर डाग नव्हते, कळ्या काळ्याभोर आणि घट्ट होत्या. काही थोडी झाडं या रोगात तग धरतात, पुढची रोपं त्यांच्याच बियांतून मिळणार. बायको पुन्हा 'नको' म्हणाली. ॲशला पालवी सगळ्यांच्या मागून येते. मेच्या अखेरीला शेतकऱ्यानं फोटो पाठवला, शेंड्यापर्यंत हिरवं होतं. येत्या उन्हाळ्यात पुन्हा बघायला जायचं आहे.